कंदील नव्हता

आमच्या घरात दोन नियम होते. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि भरताना वाढली तर ती कासाराची, गिऱ्हाइकाच्या माथी मारायची नाही. मग बाईनं हात आखडला असेल, कडेवरच्या पोरानं धक्का दिला असेल, नाहीतर बाई ऐनवेळी शिंकली असेल. आई तुकडे वेचून बाजूला ठेवायची, "वाढली ती आमची," म्हणायची आणि माळेतून दुसरी काढायची. मला हा शुद्ध बावळटपणा वाटायचा. मी पहिल्यापासून भांडखोर. चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड आपल्याला, हे मला पटतच नसे.

आम्ही नांदूरघाटचे कासार. आबा पेटी घेऊन बाजार आणि जत्रा करायचे, आई घरोघर बांगड्या भरायची. लग्नघरचा चुडा मात्र आईच्याच हातचा लागायचा. नवरीचा हात ती आधी नुसता हातात घेऊन बसायची. तिच्या गावाची, मैत्रिणींची चौकशी करायची, आणि पोरगी बोलता बोलता विसरली की हात मऊ पडायचा. "हात ढिला सोड, बाळा," एवढंच म्हणायची. मग हिरव्या बांगड्या एकामागून एक मनगटात जाऊन बसायच्या. जोर म्हणून ती कधी करायची नाही.

मी केजला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. गावात पहिला पिवळा एसटीडी बूथ लागला होता, चार घरांत रंगीत टीव्ही आले होते आणि जिकडेतिकडे रस्ते रुंद करायचं चाललं होतं. आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे नळ्या टाकायला एका सरकारी खात्यानं रस्ता आडवा खणला. खातं कोणतं ते मी सांगणार नाही. आता तिथं वेगळी माणसं आहेत आणि माझा राग बराच उतरला आहे.

माघातली संध्याकाळ होती. आई शेजारच्या गावाहून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा चुडा घेऊन येत होती. सकाळी गेली तेव्हा रस्ता सपाट होता. येताना खड्डा होता. त्याच्यावर कंदील नव्हता, समोर दोन दगडसुद्धा आडवे ठेवलेले नव्हते. आई सरळ आत गेली. उजवं मनगट मोडलं, हातातल्या बांगड्या गेल्या आणि टोपलीतला नवरीचा सगळा चुडा गेला.

लग्नघरची माणसं वाईट नव्हती, पण घाबरली. नवरीचा चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी असा जातो म्हणजे काय! त्यांनी केजहून दुसरा कासार आणला. आईला बघायला आलेली लग्नघरची म्हातारी जाताना म्हणाली, "बघून चालायचं की गं बाई." ते वाक्य गावभर फिरलं. कासारीण खाली न बघता चालते, तिच्या हाताला आता गुण नाही. पुढच्या दोन लग्नांत आईला कुणी बोलावलं नाही.

प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं बसलं होतं आणि अंगठा तळव्यात पुरता मिटत नव्हता. आईनं डाव्या हातात बांगड्या ठेवल्या. उजवा हात मोकळाच ठेवला. आबांना ते बघवेना. सवाष्ण बाई, त्यात कासारीण, आणि एक हात उघडा!

"अगं, दोन तरी घाल," ते रोज म्हणायचे.

"अवं, लोकं म्हणत्यात मी आंधळ्यावानी चालले," आई म्हणाली. "मी बघून चालले व्हते. खड्डाच दिसंना, त्याला मी काय करू? ज्यांनी खणला त्यांनी हे कागदावर लिहून द्यावं. मग भरीन म्या बांगड्या."

आईला हवं होतं ते एवढंच. पैशाचं ती बोललीच नाही.

आबा आणि आई बीडला वकिलाकडे निघाले, सोबत मी. मांजरसुंब्याला एसटी थांबली तेव्हा मी एका वहीत सरकारला काय काय सुनवायचं ते लिहून काढत होते. वकील वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी माझी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मिटून मला परत दिली.

"सरकारवर असा एकदम दावा घालता येत नाही," ते म्हणाले. "आधी नोटीस द्यायची. काय झालं, कुठं झालं, काय पाहिजे, सगळं लिहून. मग दोन महिने थांबायचं. त्यांनी ऐकलं नाही तर कोर्ट."

"दोन महिने कावून?" आबांनी विचारलं.

"सरकारला विचार करायला. चूक असेल तर कबूल करायची संधी द्यावी, असा कायदा आहे."

मी तिथंच फणकारले. सव्वा महिना बाळंतिणीला, तेरा दिवस मेलेल्याला आणि दोन महिने सरकारला! ज्याला दोन दगड ठेवायचं सुचलं नाही त्याला दोन महिन्यांत काय सुचणार होतं? वकील हसले. आई हसली नाही.

"बराबर हाय त्यांचं," ती म्हणाली. "हात ढिला सोडायला येळ द्याया लागतो."

"आणि बाई, नुसतं 'चुकलं' म्हणा असा दावा नसतो," वकील म्हणाले. "भरपाई मागावी लागते."

"मग मागा तुमास्नी बरं वाटंल तेवढी. पर कंदील नव्हता हे मोठ्या अक्षरात लिवा."

वकिलांनी नोटीस टाइप करून घेतली, आईचा अंगठा मिटत नसल्यानं सही डाव्या हातानं झाली. पाकीट आबांच्या हातात देऊन त्यांनी बजावलं, "रजिस्टर टपालानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा." आबांनी मान हलवली. मी त्यांना पोस्टाच्या दारात सोडलं आणि आईला घेऊन डॉक्टरकडे गेले.

संध्याकाळी स्टँडवर आबा आले ते एकदम खुशीत. "टपालात टाकलंच न्हाई," ते म्हणाले. "सवताच्या हातानं देऊन आलो."

त्यांचं म्हणणं असं, की कचेरी पोस्टापासून हाकेच्या अंतरावर. एवढ्या जवळ येऊन माणसाला टपालानं कागद पाठवायचा हा त्या माणसाचा अपमान. आमच्या धंद्यात आवतन तोंडानं देतात. चुडा भरायला ये म्हणून कासाराला चिठ्ठी पाठवली तर तो येत नाही, घरचं माणूस यावं लागतं. आणि कचेरीतला कारकून म्हणे लई चांगला निघाला. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं आणि चहा पाजला.

"पोच घेतली का आबा?" मी विचारलं.

"चहा पाजला म्हणतोय की! आता चहा पिऊन त्याच्याकडं सही मागू का? काय म्हणंल तो?"

मला तेव्हा खटकलं, पण मीही फार बोलले नाही. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा पाहून बोलवेना. आई पडल्यापासून ते असे हसले नव्हते.

दोन महिने आम्ही पोस्टमनची वाट पाहिली. आई उंबऱ्याशी बसून डाव्या हातानं बांगड्या भरायची कसरत शिकत होती. मी समोर हात धरून बसायची आणि ती माझ्याच मनगटावर सराव करायची. रोज दोन-चार वाढायच्या. "वाढली ती आमची," ती म्हणायची, आणि मी म्हणायची, "अगं, मीबी तुमचीच हाय."

साठ दिवस झाले आणि वर एक आठवडा गेला तरी उत्तर नाही म्हणून आबा आणि मी बीडला गेलो. वकिलांनी पहिल्यांदा पोचपावती मागितली. आबांनी चहाची हकिकत सांगितली. वकिलांनी चष्मा काढला, आम्हाला घेऊन त्या कचेरीत गेले आणि आवक रजिस्टर उघडायला लावलं. त्या दिवशीच्या पानावर आमच्या नोटिशीची नोंद नव्हती. चहा पाजणाऱ्या कारकुनाची बदली झाली होती. खणात दुसऱ्याचा डबा होता.

"नोटीस पोचली याचा पुरावा नाही, म्हणजे नोटीस नाही," वकील म्हणाले. "दावा घातला तर याच मुद्द्यावर जाईल. परत नोटीस द्या, परत दोन महिने. आणि आता उशीर नको, दाव्यालाही मुदत असते."

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. बीडच्या स्टँडवर, भर गर्दीत, मी आबांना वाट्टेल ते बोलले. चहावर विकले गेलात म्हणाले. आईचा हात तुमच्यामुळं उघडा राहणार म्हणाले. ते हातातल्या नोटिशीच्या झेरॉक्सची घडी उलगडत आणि परत घालत उभे राहिले. एसटी आली तेव्हा आधी मला चढू दिलं, खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः नांदूरघाटपर्यंत उभे आले.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता तीही चिडेल. ती आबांना म्हणाली, "जाऊ द्या. हात चुकला. परत धरू."

दुसरी नोटीस रजिस्टर टपालानं गेली. पोचपावतीचं कार्ड आलं तेव्हा आबांनी ते देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं आणि रोज पूजेच्या वेळी जागेवर आहे का ते बघू लागले. पुढं त्यांना पोच घ्यायचं असं काही वेड लागलं की गिरणीत दळण टाकून आले तरी गिरणीवाल्याकडून चिठ्ठी आणायचे. मी हसायची नाही. तेवढी अक्कल आली होती.

श्रावण लागला. नागपंचमीला दोन दिवस होते, ओसरीवर बायकांची रीघ होती. लग्नाला बोलवत नसले तरी पंचमीला येणाऱ्या गरीब घरच्या बायका आईला सोडून गेल्या नव्हत्या. दुपारी एक तरुण माणूस मोटरसायकलवरून आला, बगलेत फाइल. त्या खात्याचा ओव्हरसियर. नोटीस वरून खाली, खालून आणखी खाली येत चौकशीसाठी त्याच्यापर्यंत पोचली होती. आबा बाजाराला गेले होते. आई म्हणाली, "बसा साहेब, एवढा हात भरून हुतो." तो बायकांच्या घोळक्याकडे पाठ करून अवघडून पायरीवर बसला.

मी चहा ठेवायला उठले नाही. सरकारी माणसाला चहा दिल्यावर काय होतं ते आम्ही एकदा बघितलं होतं. उलट मीच विचारलं, "साहेब, कंदील कुठं व्हता त्या दिवशी?"

त्यानं फाइल बगलेतून काढून मांडीवर घेतली.

आईपुढं बसलेली पोरगी नवी नवरी होती, पहिल्या पंचमीला माहेरी आलेली. आईचा उजवा हात नुसता आधाराला, भरणं डाव्यानं. पोरीनं घाबरून हात आखडला आणि बांगडी वाढली. तुकडा पोरीला लागला नाही, आईच्या बोटाला लागला. आईनं पदरानं रक्त टिपलं आणि म्हणाली, "वाढली ती आमची. घाबरू नगं. दुसरी घिऊ."

ओव्हरसियर वळून बघत होता. "मावशी, हात तर तिनं आखडला," तो म्हणाला. "मग नुकसान तुमचं कसं?"

"तिनं आखडला. ती आखडणारच, लेकरू हाय," आई म्हणाली. "पर हात धरलाय कुणी? मी. मग जिम्मेदारी कुणाची?"

एवढं बोलून ती परत कामाला लागली. तिनं ते त्याला टोचायला म्हटलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. टोचायचं काम घरात माझ्याकडं होतं.

बायका गेल्यावर त्यानं आईचं म्हणणं लिहून घेतलं. कुठून येत होतात, उजेड किती होता, खाली बघत होता का. आईनं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाली, "मी बघून चालले व्हते साहेब. एवढं लिवा." त्यानं लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. चहा आईनंच वाकड्या हातानं करून दिला. निघताना तो जरा घुटमळला आणि घरी बायकोसाठी डझनभर हिरव्या बांगड्या मागितल्या. माप विचारलं तर त्याला सांगता येईना. त्यानं अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला.

"तसं न्हाई भागत," आई म्हणाली. "त्यांनाच घिऊन या. हात हातात घेतल्याबिगर मी भरत न्हाई."

तो आला नाही. नोटिशीची मुदत संपता संपता उत्तर आलं. सदर बाई स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, न पाहता चालत असल्याने पडल्या असून शासन कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. खाली मोठी गोल सही. मी ते मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता त्या ओव्हरसियरच्या सात पिढ्या काढल्या. आईनं मला थांबवलं नाही. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सरकारनं गावाचंच म्हणणं शिक्का मारून पाठवलं होतं.

पण आता दार उघडं झालं होतं. वकिलांनी पोचपावतीचं कार्ड जोडून दावा दाखल केला आणि त्या चौकशीची फाइल कोर्टात मागवा, चौकशी करणाऱ्याला साक्षीला बोलवा, असा अर्ज दिला. तारखा पडत गेल्या. मी डीएड झाले, मला परगावी शाळा मिळाली. आईचा उजवा हात तसाच उघडा. आबांनी आता म्हणायचं सोडलं होतं.

दोन वर्षांनी साक्षीचा दिवस आला. मी रजा काढून गेले. ओव्हरसियर आला, जरा वाळला होता. त्याची लांब कुठंतरी बदली झाली होती आणि ती का झाली हे आम्हाला त्यानंतर कळलं. वकिलांनी त्याच्या हातात फाइल दिली आणि त्याचाच अहवाल वाचायला सांगितला.

त्यानं वाचलं. "खड्ड्यावर कंदील नव्हता. अडथळ्यासाठी दगड ठेवलेले नव्हते. बाई बघून चालत होत्या, मात्र त्या वेळच्या उजेडात खड्डा दिसणे शक्य नव्हते."

सरकारी वकील उठले. त्यांनी विचारलं, बाई बघून चालत होत्या हे तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर तिथं नव्हता. तो म्हणाला, चौकशी करताना संध्याकाळी तेवढ्याच उजेडात तो स्वतः त्या जागी चालून आला होता आणि दहा पावलांवरून ओढ्याची कडसुद्धा दिसत नव्हती. मग त्यांनी आवाज चढवून विचारलं, कंदील लावायची जबाबदारी नेमकी कुणाची होती?

त्यानं आईकडे बघितलं नाही. "माझी होती," तो म्हणाला. "काम माझ्याकडं होतं."

कोर्टात लिहून घेणाऱ्याच्या टाइपरायटरचा आवाज तेवढा चालू होता. आईनं माझा दंड धरला होता. ती कुजबुजली, "लिवलं का गं त्यांनी? बघ, लिवलं का?" मी म्हटलं, "लिवलं." मग ती पदर तोंडाला लावून रडली. ती पडली तेव्हाही रडली नव्हती. आबा शेजारी ताठ बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सरळ मिशीत चाललं होतं.

बाहेर पिंपळाखाली तो आम्हाला भेटला. मी ज्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या त्याच्यापुढं मला मान वर करता येईना. त्यानं खालूनच अहवाल खरा पाठवला होता, वर कुणीतरी तो बाजूला ठेवून आपलं उत्तर लिहिलं होतं आणि त्याला लांब धाडलं होतं. दोन महिन्यांची ती मुदत नसती तर तो आमच्या पायरीवर कधी बसलाच नसता, आणि हा कागदही झाला नसता. मी मुदतीला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

"मावशी," तो म्हणाला, "बायकोला आणायचं राहूनच गेलं बघा."

"कवाबी आणा," आई म्हणाली. "घर माहीत हाय तुमाला."

निकाल बऱ्याच दिवसांनी आमच्या बाजूनं लागला, मग सरकार वर अपिलात गेलं. ती वेगळी रडकथा आहे आणि आईनं तिच्यात कधी लक्ष घातलं नाही. तिचा निकाल त्या दिवशी लागला होता.

घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. आईनं हातपाय धुतले, ओसरीवर पाट मांडला आणि आबांना पेटी काढायला सांगितली. हिरव्या बांगड्यांची माळ काढून तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि उजवा हात पुढं केला. मी धंदा कधी शिकले नव्हते. मला त्यातलं काही येत नव्हतं.

"आबा भरतील की," मी म्हटलं.

"तूच भर. लई भांडलीस माझ्यासाठी."

मी तिचा हात हातात घेतला. गार होता, वाकडा होता, आणि अंगठ्याचं हाड तळव्यात जायला तयार नव्हतं. पहिली बांगडी मी मोठ्या मापाची निवडली तरी ती हाडापाशी अडली. आईनं डोळे मिटून घेतले आणि दुखेल म्हणून सगळा हात ताठ केला. माझ्याच तोंडून निघून गेलं, "हात ढिला सोड, बाळा."

आईनं डोळे उघडले. आम्ही दोघी हसलो आणि त्या हसण्यात बांगडी वाढली. माझ्या तळहाताला काच लागली. मी तुकडे वेचले, एका बाजूला ठेवले, माळेतून दुसरी काढली.

"वाढली ती आमची," मी म्हणाले.

आबा पेटीशी बसून बघत होते. दुसरी बांगडी आत गेली.